बिननावाची खुंटी

१

तेवीस डिसेंबरला, मंगळवारी दुपारी सव्वा वाजता, कारशेडच्या चौदा नंबरच्या रुळावर उभ्या असलेल्या गाडीत एक म्हातारा मेलेला सापडला. गाडी झाडून, पुसून, धुऊन तयार होती आणि दीड वाजता ती पुन्हा स्टेशनात जायची होती. अडीचशेहून जास्त जागा असलेल्या त्या गाडीत दुसरं कुणीही नव्हतं. तो खिडकीला डोकं टेकून बसला होता, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, पायात नुसते मोजे.

नीलो नावाच्या नव्या मोटरमनला तो दिसला. नीलोनं त्याला आधी तीनदा 'माफ करा' म्हटलं आणि मग खांद्याला हात लावला. आमच्या उत्तरेकडच्या या देशात हा क्रम कुणी चुकवत नाही.

माझं नाव हिल्का. गाड्यांमध्ये काही विपरीत घडलं की चूक कुणाची ते शोधायचं, ही माझी नोकरी. चूक सापडली की कामगार माझ्याशी बोलेनासे होतात, नाही सापडली की साहेब बोलेनासा होतो. बावीस वर्षांत दोन्हीची सवय झाली आहे.

मी पोचले तेव्हा डॉक्टर हातमोजे काढत होता. "हृदय बंद पडलंय. मारहाण नाही, विष नाही. दहा ते बाराच्या मध्ये कधीतरी. छातीत पेसमेकर आहे, त्यातून नेमकी वेळ निघेल. पण उद्या."

नाव तौनो, वय एकोणऐंशी. आयुष्यभर इमारतींच्या खिडक्या पुसण्याचं काम केलेलं. बायको गेली, मूल नाही, उत्तरेला ओउलू शहरात एक पुतण्या. पोलिसांनी फोन केला तेव्हा त्या पुतण्याला काका जिवंत होता हेच ठाऊक नव्हतं.

"मग झालं तर," आमचे रौतिओसाहेब म्हणाले. "गार्डनं स्टेशनात गाडी नीट तपासली नाही. म्हातारा आत झोपला होता, तो तसाच इथे आला आणि मेला. वेळेवर बघितला असता तर वाचलाही असता. गार्ड कोण होती?"

"साइमी."

"पुन्हा साइमी?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "दोन वर्षांपूर्वी झोपलेलं पोर गाडीत राहिलं होतं, तीच ना? तेव्हा लेखी ताकीद दिली होती. दुसऱ्यांदा म्हणजे घरी. हिल्का, उद्या दुपारपर्यंत अहवाल दे. नाताळच्या सुट्टीत मला हे लोढणं गळ्यात नकोय."

साहेब गेले. मी त्या म्हाताऱ्याच्या पायांकडे बघत राहिले. मोजे स्वच्छ होते. त्याचे बूट शेजारी नव्हतेच. ते गाडीच्या पार टोकाला, अकरा रांगा पलीकडे, एकाला एक लावून नीट ठेवलेले होते.

२

साइमी कामगारांच्या खोलीत कोट घालूनच बसली होती. बावन्न वर्षांची बाई, केस घट्ट बांधलेले. तिला मी बऱ्याच वर्षांपासून ओळखते, म्हणजे हवामानाबद्दल आम्ही बोललो आहोत.

"खापर माझ्यावर फोडायचं ठरलंच असेल, तर मला कशाला बसवून ठेवलंयस?" ती म्हणाली.

"काय झालं ते सांग."

"नऊ अडतीसला केरावाहून गाडी आली. सगळे उतरले. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. एकेका दाराशी थांबून कुलूप लावलं. एक हातमोजा सापडला, लहान पोराचा. तो फलाटाच्या कठड्यावर अडकवला. नऊ शेहेचाळीसला सही केली. गाडी रिकामी होती, हिल्का."

"नक्की?"

"त्या पोरानंतर मी बाकांखालीसुद्धा वाकून बघते. गुडघे दुखतात माझे. दोन वर्षं झाली, घरी गेल्यावरही स्वप्नात मी डबे तपासत असते." तिनं मान वळवली. "ही नोकरी गेली तर दिवसभरात मला नाव घेऊन हाक मारणारं कुणी उरणार नाही. एवढंच आहे माझ्याकडे. हे नको लिहूस."

मी लिहिलं नाही. पण मला ते लागलं, कारण माझ्याही आठवड्यात असे दिवस असतात.

मी गाडीची नोंद काढली. या नव्या गाड्या सगळं लक्षात ठेवतात, कुठलं दार किती वाजता उघडलं ते सेकंदासकट. प्रवाशांची आठ दारं. नऊ शेहेचाळीसला सगळी बंद. त्यानंतर कारशेडमध्ये सफाईवाली येईपर्यंत एकही उघडलेलं नाही.

म्हणजे नोंद साइमीच्या विरुद्ध बोलत होती. तिनं कुलूप लावल्यावर कुणी चढलं नाही, तर म्हातारा आधीच आत असणार.

पण तौनोच्या खिशात प्रवासाचं कार्ड होतं. ते त्या दिवशी सकाळी एकदाच वापरलेलं होतं, नऊ एकतीसला, कल्लिओहून स्टेशनकडे जाणाऱ्या ट्रॅममध्ये. नऊ एकतीसला जो माणूस शहरातल्या ट्रॅममध्ये होता, तो नऊ अडतीसला शहराबाहेरून, केरावाहून आलेल्या गाडीत झोपलेला कसा असेल?

फोनवर साहेब म्हणाले, "मग ती मागचे डबे बघत असताना हा पुढून चढला. त्यात काय मोठंसं? शेवटी तिचीच चूक."

तसंही होऊ शकत होतं. साइमीचा शब्द सोडला तर माझ्या हातात काहीच नव्हतं.

३

त्या गाडीची सफाई काइसूकडे होती. साठीची, ठेंगणी, हात सोड्याच्या पाण्यानं लाल झालेले. तिच्या कामात कुणी खोट काढलेली मी ऐकली नाही आणि काढण्याची हिंमतही कुणी केली नसती.

"किती वाजता शिरलीस गाडीत?"

"सव्वादहा. अकराला पाच कमी असताना उतरले. मग गाडी धुलाईला गेली."

"आत कुणी दिसलं?"

"कुणी नाही."

"म्हातारा दिसला नाही?"

"मी जमिनीकडे बघून काम करते. माणसांकडे बघायचे पैसे मला मिळत नाहीत."

बरं, म्हटलं. मग मी साळसूदपणे विचारलं, "काइसू, एक मात्र खटकलं. गाडीच्या टोकाला, मोटरमनच्या केबिनच्या दाराजवळ, जमिनीवर बारीक खडीचं आणि वाळलेल्या पाण्याचं वर्तुळ आहे. तेवढं पुसायचं राहिलं वाटतं?"

काइसू ताडकन उभी राहिली. "राहिलं? माझं राहिलं? अगं, तो कोपरा मी दोनदा पुसला! त्याचे बूट उचलून खालची जमीनसुद्धा पुसली आणि बूट होते तसे परत ठेवले! माझ्यानंतर कुणी घाण केली असेल तर ती माझ्या माथी मारू नकोस!"

बाहेर यार्डात कुठलीशी गाडी ब्रेक सोडत होती. काइसू हळूहळू खाली बसली.

"त्याचे बूट," मी म्हटलं.

"हलकट आहेस तू, हिल्का."

"म्हणून तर ही नोकरी मिळाली."

तिनं आपल्या हातांकडे बघितलं. "सहा वर्षं," ती म्हणाली. "दर मंगळवारी. पहिल्या दिवशी तो बुटासकट बसला होता. मी फडकं घेऊन आले, तर त्यानं पाय वर उचलले. पुढच्या मंगळवारी बूट काढूनच बसला. तेव्हापासून कधी चुकला नाही. मी जवळ आले की पाय उचलायचा. आजही उचलले."

"म्हणजे तेव्हा जिवंत होता. काय बोललात?"

"कशाबद्दल?"

"काहीही. सहा वर्षांत."

"काय बोलायचं? तो बसायचा, मी पुसायचे." तिनं नाक पुसलं. "आत कसा येतो हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला यायचं बंद करावं लागलं असतं. दर मंगळवारी कुणीतरी माझ्यासाठी पाय उचलायचं, हिल्का. बाकी लोक आधी चिखल करतात आणि मग मला ओलांडून जातात."

"त्याच्यासमोर कॉफीचा कप होता?"

"छे! खिडकीखालची फळी मी स्वतः पुसली. काही नव्हतं."

पण मी गाडीत शिरले तेव्हा त्या फळीवर कप होता. निळा, पत्र्याचा, काठोकाठ भरलेला. कॉफीवर दुधाची साय धरली होती आणि काठ कोरडा होता, एक घोटही कुणी घेतलेला नव्हता. आणि त्या अख्ख्या गाडीत कॉफीचं यंत्र नव्हतं की थर्मास नव्हता.

४

मी चौदा नंबरच्या रुळावर परत गेले. तीन वाजले होते आणि आमच्याकडे डिसेंबरात होतं तसं बाहेर अंधारून आलं होतं. गाडीतले दिवे कुणीतरी चालू ठेवले होते. मी तौनो जिथे बसला होता त्याच्या समोरच्या जागेवर बसले आणि विचार करू लागले.

एवढ्या रिकाम्या गाडीत माणूस बूट कुठे काढेल? आपल्या जागेपाशी. किंवा आठांपैकी ज्या दारानं चढला त्या दारापाशी. तौनोचे बूट यांपैकी कुठेच नव्हते. माणूस कुणाच्या घरी गेला तर बूट काढतो ते ज्या दारानं आत आला तिथे, उंबऱ्याजवळ, आणि मग मोज्यांनिशी आत जातो. तौनोनंही तेच केलं होतं. अकरा रांगा तो मोज्यांनिशी चालला होता.

त्या गाडीला नववं दार आहे. मोटरमनच्या केबिनचं. प्रवाशांच्या दारांसारखी त्याची नोंद होत नाही आणि त्याची किल्ली गार्डकडे नसते. साइमीनं आठही दारांना कुलूप लावून सही केल्यावर त्या नवव्या दारानं तौनोला कुणीतरी आत घेतलं होतं.

आणि त्याच्या बुटांशेजारी खडीचं वर्तुळ होतं, म्हणजे खडी टाकलेल्या यार्डातून कुणीतरी चालत येऊन तिथेच बूट काढले होते, काइसूनं जमीन पुसल्यावर. वर्तुळ मोठं होतं. माझा बूट त्यात ठेवला तर चार बोटं जागा उरली. तौनोचे बूट तर माझ्याहून लहान, चाळीस नंबरचे.

मी कामगारांच्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर खुंट्या आहेत, प्रत्येक खुंटीवर एकेकाचा कप आणि खाली नावाची पट्टी. दुसऱ्याच्या कपाला हात लावणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. मागे एकदा कप बदलले म्हणून दोघेजण चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अर्थात त्याआधीही ते फारसं बोलत नसत.

शेवटून दुसरी खुंटी रिकामी होती. खाली नाव नव्हतं.

"ही कुणाची?" मी नीलोला विचारलं. तो कोपऱ्यात बसून जबाब लिहीत होता, चेहरा अजून पांढरा.

"माहीत नाही. निळा कप असतो तिथे. मी आल्यापासून आहे."

"कुणाचा ते विचारलं नाहीस कधी?"

"मी नवा आहे," नीलो म्हणाला. "बरं दिसलं नसतं."

तिथे वीस-बावीस वर्षं काम करणारेही होते. त्या सगळ्यांनाही ते विचारणं बरं वाटलं नसणार. शेजारच्या, अगदी शेवटच्या खुंटीवरचं नाव मी वाचलं. योर्मा.

"नीलो, दीड वाजताची गाडी आज तुझी नव्हती ना?"

"नाही, योर्माची होती. सव्वाबारा वाजता तो आला आणि म्हणाला, पोट दुखतंय, माझी गाडी घे. मी म्हटलं ठीक आहे. तो कधी रजा घेत नाही, म्हणून मला जरा..." नीलो थांबला. "तुम्ही त्याच्यावर संशय घेताय का?"

"सकाळी स्टेशनातून ही गाडी कुणी आणली? धुलाईतून कुणी काढली?"

त्यानं मान वर करून पाहिलं. तक्ता भिंतीवरच होता. तिन्ही वेळांसमोर योर्मा लिहिलेलं होतं आणि शेवटचं नाव खोडून त्याजागी नीलो केलेलं होतं.

मी योर्माला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यानं उचलला.

"तौनो नावाच्या माणसाला ओळखतोस?"

"नाही," तो म्हणाला.

"साइमीची नोकरी जाणार आहे, योर्मा."

मग फोन बंद झाला.

५

चोवीसला सकाळी पोलिसांचा फोन आला. पेसमेकरमध्ये तौनोच्या हृदयाचा शेवटचा ठोका नोंदलेला होता. अकरा वाजून अठरा मिनिटं.

मी धुलाईचा तक्ता उघडला. गाडी धुलाईत शिरली अकरा पाचला, बाहेर पडली अकरा पंचवीसला. थंडीत गरम पाणी वापरतात आणि गाडी मुंगीच्या पावलानं नेतात. त्या वीस मिनिटांत आत कुणी चढू शकत नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले. तौनोच्या पिशवीत तपकिरी कागदाचं एक पुडकं होतं, लाल दोरीनं बांधलेलं, त्यावर नाव नव्हतं. काल पोलिसांनी ते उघडून बघितलं होतं. आत हातानं विणलेले करड्या लोकरीचे मोजे होते. साहेब म्हणाले होते, पुतण्यासाठी असतील. पुतण्या म्हणाला होता, मला काही नको, पाठवू नका. मी ठाण्यावरच्या पोरीकडून सही करून पुडकं घेतलं. मोजे भलेमोठे होते. टाचेला दुहेरी लोकर घातलेली होती.

योर्मा तिक्कुरिलाला राहतो, स्टेशनजवळच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दार उघडलं तेव्हा तो सदऱ्यावर एप्रन बांधून उभा होता. सहा फुटांच्या वर उंच, खांदे पडलेले. त्याच्या मोज्यांच्या दोन्ही टाचा फाटलेल्या होत्या.

मी उंबऱ्याशी बूट काढले. शेजारी त्याचे बूट होते, सेहेचाळीस नंबरचे, तळव्यांत खडी रुतलेली. घरभर सणाला भाजतात त्या हॅमचा, डुकराच्या मांसाचा वास होता. टेबलावर मोठ्ठं हॅम होतं, पाचसहा माणसांना पुरेल एवढं, आणि एकच ताट.

"बस," तो म्हणाला. आम्ही बसलो. टीव्हीवर तुर्कू शहराच्या चौकातली गर्दी दाखवत होते. बाराच्या ठोक्याला तिथे, सणात सगळ्यांनी शांततेनं राहावं, असं जाहीर करतात. त्यानं आवाज बंद केला.

मी सगळं एका दमात सांगितलं: ट्रॅमचं कार्ड, बूट कुठे होते, नववं दार, खडीचं वर्तुळ, बिननावाची खुंटी. तो ऐकत राहिला.

"बरोबर आहे," शेवटी तो म्हणाला. "मीच घ्यायचो त्याला. सहा वर्षांपूर्वी त्यानं मला फलाटावर विचारलं, ही गाडी आता कुठे जाते? मी म्हटलं, आंघोळीला. तो म्हणाला, मी येऊ का? तेवढंच. त्याला धुलाई बघायची असायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या पुसल्या, म्हणाला, आता कुणीतरी माझी पुसताना बघायचीय."

"आणि नंतर?"

"नंतर मी कॉफी घेऊन यायचो. अर्धा तास बसायचो, समोरासमोर. त्याच्यासाठी कप ठेवला होता. दीडच्या गाडीनं त्याला परत सोडायचो."

"काय बोलायचात?"

"नाही बोलायचो." त्याला माझा प्रश्नच कळला नसावा. "बरं वाटायचं."

"काल काय झालं?"

योर्मा उठला, ओव्हन बंद होता तरी पुन्हा बघून आला. त्याचे कान लाल झाले होते.

"काल मी बोललो," तो म्हणाला. "बूट काढले, बसलो, कॉफी ओतली. आणि बोललो. म्हटलं, उद्या माझ्याकडे ये. मी एकटा असतो, तूही असशील. हॅम आणलंय. आदल्या रात्री आरशासमोर म्हणून बघितलं होतं. या वयात. हसू नकोस."

मी हसत नव्हते.

"तो काही बोलला नाही. खिडकीकडेच बघत राहिला. मी थांबलो, म्हटलं विचार करत असेल. माझी कॉफी संपली. पंचवीस मिनिटं झाली. मग माझ्या लक्षात आलं, तो नाही म्हणतोय. नाही म्हणायला जड जातंय म्हणून गप्प बसलाय. सहा वर्षं इतकं छान चाललं होतं आणि मी तोंड उघडून सगळं घालवलं. मला एवढी लाज वाटली हिल्का, की पुन्हा त्याच्यासमोर उभं राहायला नको म्हणून नीलोला गाडी दिली. म्हटलं, स्टेशनात पोचला की उतरेल आपला." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग दुपारी कळलं. मी शरमून निघून गेलो आणि तो तिथे एकटा मेला. मी बसलो असतो तर डॉक्टर बोलावला असता. तुझा फोन आला तेव्हा तोंडातून खरं निघेना. साइमीचं कळत होतं मला. सुट्टी संपली की येऊन सांगणार होतो, खरंच."

६

"योर्मा," मी म्हटलं, "तू कप भरलास किती वाजता?"

"पावणेबाराला."

"तो सव्वाअकरालाच गेला होता. अकरा अठरा. पेसमेकरमध्ये नोंद आहे."

"तेव्हा तर आम्ही धुलाईत होतो."

"हो. बरोबर मध्यावर. ब्रश फिरत असणार, खिडकीवर फेस असणार. त्याला डॉक्टर बोलावून उपयोग नव्हता आणि तो नाही म्हणाला नाही. तुझं बोलणं त्याच्या कानावर गेलंच नव्हतं."

टीव्हीवर गर्दी टोप्या काढून उभी होती.

"मग मी बोललो कुणाशी?" त्यानं विचारलं.

पंचवीस मिनिटं तो मेलेल्या माणसासमोर बसला होता आणि त्याला काही वेगळं वाटलं नव्हतं. नीलोनं मेलेल्या माणसाची तीनदा माफी मागितली होती. काइसूनं कधी एक प्रश्न विचारला नव्हता. कुणालाच कुणाला त्रास द्यायचा नव्हता. आम्ही याला सभ्यपणा म्हणतो, आणि मीही तशीच आहे. पण त्या क्षणी मला त्या सभ्यपणाचा भयंकर राग आला.

मी पिशवीतून पुडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे त्याच्याकडे होतं. नाव नाही. तुला द्यायला आणलं होतं."

"कशावरून?"

"उघड."

त्यानं दोरी सोडली, कापली नाही. मोजे बाहेर काढले, उलटसुलट केले. टाचेवरून अंगठा फिरवला, जिथे दुहेरी लोकर होती. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"माझं माप त्याला कुणी सांगितलं?"

"सहा वर्षं त्याच्यासमोर बूट काढून बसत होतास," मी म्हटलं. "तो खिडकीबाहेरच बघत नव्हता."

योर्मा रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबत, खांदे हलवत. मी उठून खिडकीशी गेले नाही, आपण जातो तशी. बसून राहिले.

नंतर त्यानं कागद घेतला आणि सगळं लिहून दिलं, स्वच्छ अक्षरात: नऊ अठ्ठेचाळीसला गार्डची तपासणी झाल्यावर मी त्या माणसाला केबिनच्या दारानं आत घेतलं. गार्डची काही चूक नाही. खाली सही केली. ताकीद त्याला मिळणार होती, कदाचित गाडीही काढून घेतली असती. त्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

मी तिथूनच साइमीला फोन लावला.

"गाडी रिकामी होती," मी म्हटलं. "तू बघितलंस तेच खरं होतं. लेखी आहे माझ्याकडे. साहेबांना आत्ता पाठवतेय."

"बरं," साइमी म्हणाली. तिनं फोन मात्र ठेवला नाही. मीही नाही ठेवला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझ्याकडे बर्फ पडतोय का?" मी म्हटलं, पडतोय.

साहेबांना अहवाल गेला. मी कोट उचलला आणि दाराशी जाऊन बूट घालायला वाकले. योर्मा मागे आला. नवे मोजे त्याच्या पायात होते आणि ते अगदी बेतून केल्यासारखे बसले होते.

"हिल्का," तो म्हणाला, आणि थांबला. पुन्हा कान लाल झाले. "हॅम खूप आहे. तू आज कुठे जाणार आहेस?"

माझ्या घरी फ्रिजमध्ये एका माणसाचा डबा होता. बहिणीनं येत नाही म्हणून कळवलं होतं. असं कुणाला सांगायचं नसतं. अशा वेळी दाराच्या कडीकडे बघायचं, मग काहीतरी पुटपुटायचं आणि निघायचं, हे मला लहानपणापासून येतं. मी कडीकडे बघितलंही. मग मला जाणवलं की मागे तो श्वास धरून उभा आहे आणि एकेक क्षण मोजतो आहे.

"कुठेही नाही," मी मोठ्यानं म्हटलं, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "थांबते मी. आणखी एक ताट काढ."